हिरव्या पाण्याखालचा गणपती

हिरवे पाणी पाहिले की लोक नाकाला रुमाल लावतात. मी आधी त्याचा सामू मोजते. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे कळल्याशिवाय त्यात एक चिमूटही काही टाकायचे नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हटले, तेव्हा त्यांना गमतीजमती अपेक्षित असाव्यात. त्या आहेतच. पण लिहायला बसल्यावर माझ्यासमोर सुकापूरचा एक तलाव पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला, म्हणून मुख्यतः त्याच्याविषयीच लिहिते.

पनवेल परिसरातल्या बंगल्यांचे, फार्महाऊसांचे पोहण्याचे तलाव स्वच्छ ठेवणे हा माझा व्यवसाय. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत मी कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने तपासत असे. नमुना यायचा, अहवाल जायचा आणि पाणी होते तसेच वाहत राहायचे. केवळ मोजण्यासाठी मोजणे मला मानवेना. जे पाणी मी तपासेन ते मीच दुरुस्त करेन, असे ठरवून २०११ मध्ये नोकरी सोडली. “एवढं शिकून लोकांची डबकी उपसणार?” असे वडील म्हणाले. प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून मी त्यांना माझ्या पहिल्या तलावावर नेले आणि तळाच्या फरशा मोजून दाखवायला सांगितल्या. त्यांनी मोजल्या. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते, तलाव घाण झाला की पाणी उपसायचे, खरवडायचे, पुन्हा भरायचे. प्रत्यक्षात चांगल्या तलावाचे पाणी क्वचितच बदलतात. तेच पाणी पंपाने वाळूच्या गाळणीतून फिरवत राहायचे आणि त्यात क्लोरीनचे प्रमाण राखायचे. सामू वाढला की क्लोरीन असून नसल्यासारखा होतो, म्हणून तोही राखायचा. पंप बंद पडला की कडक उन्हात क्लोरीन पाहता पाहता उडून जातो आणि शेवाळ घर करते. दुर्लक्षित तलावाच्या गोष्टीत पंप का बंद पडला, एवढेच काय ते वेगळे असते. कुणी परदेशी गेलेले असते, कुणाचे भावाशी भांडण झालेले असते, कुणी वारलेले असते.

दुसरा नियम मला एका गिऱ्हाइकाने शिकवला. उरणकडे खाडीलगत त्यांचे फार्महाऊस होते. पावसाळा संपता संपता त्यांनी माझा सल्ला डावलून भाड्याने पंप आणला आणि तलाव कोरडा केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“मॅडम, तलाव वर आलाय.”

“पाणी वर आलंय का?”

“पाणी नाही हो, तलाव! अख्खा तलाव!”

जाऊन पाहिले तर काँक्रीटचे ते प्रचंड भांडे एका बाजूने वीतभर उचलले गेले होते, पायऱ्या तुटून वेगळ्या झाल्या होत्या. जमिनीतले पाणी वर आलेले असताना आतले पाणी काढून घेतले, तर रिकामा तलाव होडीसारखा तरंगू पाहतो. आतल्या पाण्याचे वजनच त्याला जागेवर धरून ठेवत असते. गृहस्थांनी मला विचारले, “आता खाली कसा बसवायचा?” हे मात्र मला आजही माहीत नाही.

या सगळ्यात माझ्याबरोबर असत जनार्दन कोळी, म्हणजे जनादादा. ते उरणजवळच्या करंज्याचे. वडिलोपार्जित बोट भावाकडे राहिली, तेव्हा हे माझ्याकडे आले. पाण्याखाली उतरून घासकाम करणारा माणूस मला हवा होता. वयाने ते माझ्या काकांएवढे, बोलायला तिखट. प्रत्येक नवा तलाव पाहून त्यांचा पहिला शेरा ठरलेला असे. “यात जिताडा सोडला तर दोन वर्सांत चार किलोचा व्हईल. कशाला साफ करता, मॅडम?”

सुकापूरच्या तलावापाशी मात्र ते तसे म्हणाले नाहीत. “हिथं मासा पन जगायचा नाय,” एवढेच म्हणाले.

ते साल २०१६, नवरात्र नुकतेच संपले होते. निखिल नावाच्या तरुणाने मला बोलावले होते. तो आईसह रोडपालीच्या फ्लॅटमध्ये राहत होता. सुकापूरच्या पलीकडे वडिलांनी बांधलेला बंगला तीन वर्षे बंद होता आणि मागच्या अंगणातल्या तलावात डास माजले होते. शेजारच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले, तक्रार झाली, नोटीस आली. निखिलचा निर्णय स्पष्ट होता.

“शनिवारी जेसीबी येतोय. तळ फोडायचा, भराव टाकायचा, विषय संपवायचा. तोवर निदान डास तरी मरू देत आणि वास जाऊ दे. मी त्याआधी येऊ शकणार नाही, ऑफिस आहे. आई येऊन बसेल. तिचं काही मनावर घेऊ नका.”

“म्हणजे?”

“तिला तलाव बुजवायचा नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. बाबांनी शेवटचा गणपती या तलावात विसर्जन केला होता, तेवढ्यावरून असावं. अहो, शाडूची मूर्ती, कधीच माती होऊन गेली असेल ती!”

आई दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने आल्या. पासष्टीच्या असाव्यात. फिकट सुती साडी, हातात पाण्याची बाटली. मी त्यांना काकू म्हणू लागले. अंगणातली खुर्ची त्यांनी तलावाच्या खोल बाजूला ओढून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “तळ दिसेल का हो?”

“दिसेल. पण पाणी उपसून नाही. जमिनीत अजून पाणी आहे. आहे ते पाणी इथेच निवळवावं लागेल.”

वरची पाने जाळीने काढली. बेडूक बादलीत भरून जनादादांनी मागच्या ओढ्याला नेऊन सोडले, “जा बाबांनो, घर बदला,” असे म्हणत. मग मी क्लोरीनची मोठी मात्रा दिली. शेवाळ मेले की पाणी हिरव्याचे राखाडी होते, दुधाळ दिसते. मेलेले शेवाळ इतके बारीक असते की गाळणीतून निसटते. त्याला एकत्र बांधून खाली बसवायला आम्ही तुरटीच वापरतो. हे काकूंना सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा थोडे हसल्या. “आम्ही पावसाळ्यात हंड्यात फिरवायचो तीच?” तीच. फक्त हंडा मोठा.

त्यानंतर थांबायचे असते. पाणी हलवायचे नाही. या कामातला सर्वांत कठीण भाग हाच, कारण गिऱ्हाइकाला आपण काहीच करत नाही असे वाटते. काकूंना तसे वाटले नाही. त्या जितक्या स्थिर बसून होत्या, तितके स्थिर बसणारे गिऱ्हाईक मला पूर्वी मिळाले नव्हते.

तळावरचा गाळ ओढून काढला त्या सकाळी जनादादा काठावर उभे होते. मी पाण्याचा नमुना घेत होते. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला, पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

“काय झालं?”

“बगा.”

खोल बाजूला, भिंतीला जवळजवळ टेकून, दीड फुटाची गणेशमूर्ती बसलेली होती. बसलेलीच, आडवी पडलेली नव्हती. माझ्या क्लोरीनने रंग पार उडवला होता, त्यामुळे ती पांढरीशुभ्र दिसत होती. सोंडेचे टोक आणि एक हात झिजला होता, बाकी सारे शाबूत होते. शाडू असे राहत नाही. शाडूची मूर्ती एका रात्रीत चिखल होते. हे प्लास्टर होते.

काकू खुर्चीतून उठल्या नाहीत. “दिसतोय का?” असे त्यांनी विचारले. मी हो म्हटल्यावर डोळे मिटून घेतले.

काही वेळाने त्यांनी मला शेजारी बसवले आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केले.

“निखिलला सांगू नकोस. त्या वर्षी ह्यांचं हृदय फार अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलेलं. पण गणपती आणायचा आणि पोचवायचा तो त्यांनीच, स्वतःच्या हातांनी. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि शाडूची मूर्ती किती जड असते, तुला माहितीये. म्हणून मी परस्पर जाऊन ही प्लास्टरची ठरवली. आतून पोकळ, हलकी. ह्यांना सांगितलं, शाडूचीच आहे.”

“त्यांना कळलं नाही?”

“उचलल्यावर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ‘यंदा बाप्पा हलका लागतोय गं. म्हणजे माझ्यात ताकद येतेय.’ मी काय बोलणार? गावच्या तळ्यापर्यंत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून विसर्जन इथे केलं. नंतर ते अंथरुणालाच खिळले. रोज विचारायचे, ‘विरघळला का?’ त्यांच्या खिडकीतून पाणी दिसतं, तळ दिसत नाही. मी रोज येऊन बघायची. रोज तसाच बसलेला. एक दिवस मी सांगून टाकलं, हो, झाली माती. त्यावर म्हणाले, ‘मग सुखरूप पोचला.’ आणि त्याच पंधरवड्यात गेले.”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मृत्यूचा आणि मूर्तीचा संबंध नाही, हे मी बोलणार होते. पण काकूंनी तो लावलेलाच नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्यांनी नवऱ्याला ज्याची खात्री दिली ते घडलेले नाही, आणि शनिवारी त्या न घडलेल्या गोष्टीवर डबर पडणार आहे.

“तुझं शिक्षण ह्यातलंच ना?” त्या म्हणाल्या. “हा विरघळेल असं काही करता येईल का?”

करता येत होते. प्लास्टर म्हणजे शेवटी जिप्सम. ते पाण्यात विरघळते, पण अतिशय सावकाश, आणि त्यावर तेलरंगाचा थर असला तर जवळजवळ नाहीच. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मात्र त्याचे रूपांतर होते, मागे खडूसारखा मऊ साका उरतो आणि एका साध्या खताचे पाणी. रंग मी आधीच उडवलेला होता. अडचण वेगळी होती. एवढ्या मोठ्या तलावाला पुरेल इतके रसायन आणणे अशक्य, म्हणजे मूर्ती ड्रममध्ये घ्यायला हवी. आणि जनादादा ती बाहेर काढायला तयार नव्हते.

“मॅडम, तुमी सांगाल तेवडं घासीन. पन इसर्जन झालेला देव पान्यातनं भाईर नाय काडनार.”

“दादा, तो गेला नाही, तिथेच अडकलाय. आपण त्याला मदतच करतोय.”

“मदत करा. भाईर काडू नका. आमच्या दर्यात गेलेला गनपती लाटेनं भाईर टाकला, तर आमी बोटीनं परत आत नेऊन सोडतो. किनाऱ्यावर ठेवीत नाय.”

“आणि पाण्यातल्या पाण्यात हात लावलात तर?”

“त्याला हरकत नाय. इसर्जन करताना लावतोच की.”

“मग पाण्यासकट नेऊ.”

कधी कधी समोरच्याचा नकार म्हणजे गणितातली दिलेली अटच असते. ती खोडण्यात वेळ घालवण्यापेक्षा तिच्या आत राहून उत्तर काढणे सोपे जाते. आम्ही तलावाची पातळी फूटभर खाली घेतली. तेवढ्याने तलाव उचलला जाण्याची भीती नव्हती. तोंड कापलेला निळा ड्रम खोल बाजूला बुडवला. जनादादांनी बुडी मारून मूर्ती पाण्याखालीच त्यात बसवली. पाण्याखाली, पाण्यानेच भरलेल्या ड्रमचे वजन जाणवत नाही. तो त्यांनी तळाच्या उतारावरून ढकलत उथळ बाजूला आणला, तेव्हा ड्रमची कड आपोआप पाण्याच्या वर आली. आत ड्रमचे वेगळे पाणी, बाहेर तलावाचे, आणि मूर्तीला क्षणभरही हवा लागलेली नाही. जनादादा वर आले, डोक्यावरचे पाणी पुसत म्हणाले, “आता तुमची पूजा सुरू करा.”

ती लगेच सुरू करता येत नव्हती. पाण्यात अजून क्लोरीन होता. त्यात अमोनियाची संयुगे मिसळली तर डोळे आणि घसा जाळणारे वायू निघतात. ऊन चांगले होते, पण उन्हावर सोडायला वेळ नव्हता. क्लोरीन घालवायला मासे पाळणारे नळाच्या पाण्यात टाकतात ते हायपोचे खडे मी ड्रममध्ये टाकले आणि चाचणीच्या नळीतला रंग पूर्ण जाईपर्यंत कुणाला ड्रमजवळ येऊ दिले नाही. काकू विचारत होत्या, “अजून किती?” मी म्हणत होते, “अजून नाही.” त्या सकाळी मी त्यांच्याशी थोडी कठोर वागले असेन. त्याला इलाज नव्हता.

अमोनियम बायकार्बोनेट बिस्किटे फुगवायला वापरतात. पनवेल बाजारातल्या एका बेकरीवाल्या चाचांकडे मी गेले. तलावांच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता, पण त्यांची नानकटाई मी लहानपणापासून खात आले आहे.

“इतका अमोनिया?” चाचा म्हणाले. “लग्नाची ऑर्डर घेतलीस काय? आमच्या पोटावर पाय देतेस, बेटी.”

मी कशासाठी ते सांगितले. त्यांनी थट्टा थांबवली, उघडे पोते बाजूला सारले आणि आतून शिवलेले नवे काढले. “उघडं राहिलं की याचा जोर उडून जातो,” म्हणाले. “अशा कामाला ताजं ने.”

द्रावण तयार झाले आणि मूर्तीच्या अंगावरून बारीक बुडबुडे उठू लागले. वास उग्र होता. काकूंना मी वारा येतो त्या बाजूला, मागे बसवले. अधूनमधून जनादादा लांब बांबूने पाणी ढवळत आणि दर वेळी ढवळण्याआधी हात जोडत. त्यांना मी हसले नाही. प्रयोगशाळेत आम्हीही परीक्षानळी तापवण्याआधी काही गोष्टी सवयीने करत असू, आणि त्या सगळ्यांना कारण होतेच असे नाही.

पहिल्या संध्याकाळी मूर्तीचे कान गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बांबूला काही कठीण लागेना. मी हातमोजा घालून आत चाचपले. खाली मऊ, थंड साका होता, आणि प्लास्टरला धरून ठेवायला आत घातलेला काथ्याचा एक झुपका. बाकी आकार असा काही उरला नव्हता.

“काकू, या.”

ड्रम बाहेर नेऊन रिकामा करायचा, अशी माझी योजना होती. काकूंनी नकार दिला. “ह्यांनी या पाण्यात सोडला होता.” मी मनात हिशेब केला. तलावातला क्लोरीन दोन दिवसांच्या उन्हात उडून गेल्याचे मी सकाळीच तपासले होते, तलाव बुजणारच होता, आणि त्या द्रावणाने मातीचे काही बिघडणार नव्हते. जनादादांनी ड्रम कलंडला. पांढरा ढग उथळ बाजूकडून खोल बाजूकडे उतारावरून हळूहळू गेला आणि पसरला. काकूंनी आरती म्हटली नाही, जयजयकारही केला नाही. फक्त पायरीवर बसून पाण्यात हात बुडवला आणि तो ढग बोटांमधून जाऊ दिला.

शनिवारी सकाळी आम्ही सामान न्यायला गेलो, तेव्हा जेसीबी फाटकातून आत येत होता. निखिल ड्रायव्हरला रस्ता दाखवत होता. काकू तलावापाशीच होत्या. पाणी पुन्हा नितळ झाले होते, तळावर पिठासारखा पातळ थर होता. मला वाटले, त्या आभार मानतील. काही गिऱ्हाइके मानतात.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी मी तुझ्यासारख्या कुणाकडे गेले असते, तर हे तेव्हाही झालं असतं का? ते असताना?”

ही अभिक्रिया नवी नाही. खतांच्या कारखान्यांना ती फार पूर्वीपासून माहीत आहे. साहित्य बाजारात तेव्हाही मिळत होते. वेळ दोन दिवसांचा. उत्तर मला पाठ होते. ‘नाही’ म्हणणे सोपे होते. कुणाचेही नुकसान झाले नसते. जनादादा माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होते की, त्यांनी ‘नाय’ म्हटले असते.

“हो,” मी म्हटले. “झालं असतं.”

त्या म्हणाल्या, “तू नाही म्हणाली असतीस, तरी मला कळलं असतं. मी ज्या आवाजात ह्यांना सांगितलं, तो आवाज मला ओळखता येतो.”

मी बरोबर केले की नाही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. मोजता येण्यासारखे त्यात काही नाही. त्यानंतर काय झाले एवढेच मी सांगू शकते. काकू उठल्या, पदर खांद्यावर नीट घेतला आणि जेसीबीच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांनी हाक मारली, “निखिल! ते मशीन बंद करायला सांग. आणि इकडे येऊन बस.”

“आई, त्याचं भाडं तासावर आहे!”

“असू दे. तुझ्या बाबांना मी एक गोष्ट खोटी सांगितली होती. ती तुला सांगायचीय, मग बुजव.”

इंजिन थांबले. निखिल आला आणि आईशेजारी काठावर टेकला. काकू मूर्तीच्या दुकानापासून सांगू लागल्या. आमचे लांब पाईप अंगणभर पसरलेले होते. जनादादांनी एक टोक उचलले, मी दुसरे, आणि ते आम्ही फार सावकाश गुंडाळत राहिलो.